थांबणारा ज्वालामुखी

मी शाळेत भूगोल शिकवते. ज्वालामुखीचा पाठ शिकवायला लागून सोळा वर्षं झाली आणि दर वर्षी व्हिनेगर, खायचा सोडा आणि लाल रंग घालून मी तो मुलींसमोर फोडूनही दाखवत आले. मागच्या प्रदर्शनात ते लाल पाणी टेबलावरून ओघळलं आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटवर गेलं. पाहुणे हसले, पण आमच्या मोठ्या बाई हसल्या नाहीत. या वर्षी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि बोटांवर मोजत सांगितलं, "पाणी नाही, जाळ नाही, रसायन नाही. पण ज्वालामुखी हवा हं. मुलींना आवडतो."

पाणी, जाळ आणि रसायन काढून घेतल्यावर ज्वालामुखीत काय उरतं ते मला कळेना. मी स्टाफरूममध्ये तासभर कागदावर त्रिकोण काढत बसले. मग मला आप्पांची आठवण झाली, म्हणजे माझ्या वडिलांची. पण नुसती आठवण झाली म्हणून मी त्यांच्याकडे गेले असं म्हणाले, तर ते अर्धंच खरं होईल.

आप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, रागात दोन्ही. सोलापुरात येऊन ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर झाले, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, माझ्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर. गेल्या दिवाळीपासून त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दूध गॅसवर ठेवून विसरले, तेही दोनदा. दुसऱ्या वेळी पातेलं फेकूनच द्यावं लागलं. एकदा सिटी बसमधून उतरले ते थेट जुन्या कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभे राहिले. तो कारखाना कधीच बंद पडला, आता तिथं मंगल कार्यालय आहे. तिथल्या वॉचमननं मला फोन केला. मी धावत गेले तर आप्पा म्हणाले, "बघाय आल्तो." ते बघायला गेले होते की कामावर गेले होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. आप्पांना पुण्याला न्यायचं आणि इथलं घर बंद करायचं. माझ्या घरी सासू-सासरे आहेत आणि खोल्या अडीच, त्यामुळं 'मी ठेवून घेते' असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. दादा म्हणाला, "तू रोज बघतेस, तूच सांग. तू म्हणालीस की त्यांचं डोकं आता चालत नाही, की मी गाडी घेऊन येतो. पुढे काही विचारणार नाही."

मी म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे."

म्हणजे मी आप्पांची परीक्षा घ्यायची ठरवली होती. त्यांनी ज्वालामुखी नीट करून दाखवला तर ते सोलापुरात राहतील, नाही जमला तर पुण्याला जातील. हे मी त्यांना सांगितलं नाही. जन्मभर पोरींच्या परीक्षा घेणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? आता लिहितानासुद्धा मला स्वतःची लाज वाटते.

मी त्यांना फोनवर खऱ्या ज्वालामुखीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन लांब धरून तो दोनदा पाहिला. मग पहिला प्रश्न विचारला, "बंद कसं करायचं?"

"आप्पा, ज्वालामुखी बंद करत नसतात."

"मग तितली मानसं काय करत्यात?"

"पळून जातात."

आप्पांनी जिभेनं 'च्च' केलं. एखाद्या कारखान्यात फारच ढिसाळ कारभार चाललाय असं कळावं, तसा तो आवाज होता. नंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, मागाचा वेग विचारतात तसा, "मिनिटाला ठोके किती?"

सोळा वर्षांत एकाही मुलीनं मला हे विचारलं नव्हतं. ज्वालामुखी मिनिटाला किती ठोके देतो? मी म्हणाले, त्याचं काही ठरलेलं नसतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या पदवीचीच मला शंका आली. ते थट्टा करत होते का, हेही मला ओळखता येईना. आप्पांचा चेहरा फारसा हलत नाही. मागांच्या खडखडाटात त्यांची सगळी उमर गेली. तिथं बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही, सगळा कारभार हातांनी चालायचा. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा ते पाहिलेलं आहे. कुणाचा माग बंद पडला की तो विणकर मूठ आवळून हात सरळ वर करायचा. बस्स, हाक नाही की काही नाही. आप्पा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जेवायला बसलेले असले तरी त्यांना तो हात दिसायचा, आणि हातातली भाकरी डब्यात परत ठेवून ते उठायचे. मला राग यायचा. मी एवढी उन्हातून आलेली असायचे आणि हे निघाले.

तर आप्पांनी काम सुरू केलं. पहिल्या रविवारी जाऊन बघते तो पुढच्या खोलीत एक लोखंडी सांगाडा उभा. कुलरच्या पंख्याची मोटर, तिच्यावरून पट्टा, लहान चाक, मोठं चाक, आणि मधोमध एक खालीवर होणारा दांडा.

"आप्पा, हा तर माग आहे."

"व्हय की."

"मला ज्वालामुखी पाहिजे."

"डोंगर वरनं येतोय की! आदी पोट, मग कातडं."

हे उत्तर शहाण्या माणसाचं होतं की नव्हतं? घरी येताना सगळ्या रस्ताभर मी तेच ठरवत होते आणि एका चौकात सिग्नल सुटला तरी तशीच उभी राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं दोन शब्द सुनावले ते बरोबरच होते.

दुसऱ्या रविवारी डोंगर आला. जाळीवर वर्तमानपत्राचे थर, आणि ते चिकटवायला खळ. सुताला कडकपणा यावा म्हणून कारखान्यात जी खळ लावतात तीच आप्पांनी घरी शिजवली होती. विशेष म्हणजे पातेलं करपलं नव्हतं. मी ते पातेलं उचलून बुडाकडून पाहिलं. आप्पांनी मला ते पाहताना पाहिलं.

लाव्हा त्यांनी लाल टर्किश टॉवेलचा केला. टॉवेलाच्या पट्ट्या जोडून एक लांब पट्टा शिवला. तो डोंगराच्या पोटातून वर चढायचा, तोंडातून बाहेर यायचा, उतारावरून सावकाश खाली सरकत पायथ्याच्या फटीतून परत आत जायचा. तोंडाजवळचा दांडा ठोका द्यायचा आणि थर्माकोलचे लाल गोळे उडायचे. आप्पांनी बटण दाबलं आणि ते सगळं चालू झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टॉवेलाचे ते खरबरीत धागे उतारावरून सरकताना खरोखर लाव्ह्यासारखे दिसत होते. मी टाळ्या वाजवल्या. पास, मी मनात म्हणाले, आप्पा पास झाले.

तेवढ्यात खट्ट झालं आणि सगळं थांबलं. मोटर नुसतीच घुमत राहिली.

मी खाली पाहिलं. डोंगराच्या पायथ्याभोवती चार खिळे ठोकले होते आणि त्यांच्यावरून एक लाल धागा ताणला होता. त्या धाग्यावर एक बारीक काटा टेकलेला. माझ्या साडीचा धक्का लागून धागा तुटला होता, काटा पडला होता आणि पट्टा मोकळ्या चाकावर सरकला होता.

"हे काय?"

"धागा तुटला तर थांबाय पायजे की."

मागाचं मला माहीत होतं. विणताना धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला तर कापडाची वाट लागते, म्हणून मागाला तसा काटा असतो. पण इथं कापड कुठं होतं?

"आप्पा, इथं विणायचं काही नाहीये. धाग्याचं इथं काय काम?"

"हा काय धागा," ते म्हणाले आणि बोटानं दाखवला. मग एका हातानं त्याला गाठ मारली. विणकर मारतात तशी, बघता बघता.

मी किती वेळा विचारलं आणि त्यांनी किती वेळा तेच सांगितलं. धागा तुटला तर थांबाय पायजे. आणि धागा का? तुटला तर थांबावं म्हणून. माझं डोकं गरगरायला लागलं. फक्त तुटण्यासाठी म्हणून लावलेला धागा! मला एकच अर्थ लागला. आप्पा अजून कारखान्यातच होते. गेटसमोर जाऊन उभे राहिले होते तसेच, याही वेळी. पास झालेल्या उमेदवाराचा निकाल मी राखून ठेवला.

प्रदर्शन गुरुवारी होतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसले. मुलींची ही झुंबड उडाली. डोंगर खडखड करत गोळे उडवायचा, मुली ओरडायच्या, पुढे वाकायच्या, कुणाचं ना कुणाचं पोट धाग्याला लागायचं आणि खट्ट. आप्पा शांतपणे उठायचे, गाठ मारायचे, काटा टेकवायचे, बसायचे. परत खट्ट. परीक्षकांसमोर तो तीनदा थांबला. मी त्यांना प्लेट टेक्टॉनिक्स समजावून सांगत होते आणि माझा ज्वालामुखी बंद पडलेल्या रिक्षासारखा उभा. "छान आहे," एक परीक्षक म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं. मी तिरक्या नजरेनं वाचलं: वारंवार बंद पडतो.

मला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदमच. मी व्हरांड्यात गेले आणि दादाला फोन लावला. "ये," म्हणाले. "त्यांचं डोकं चालत नाही. ज्वालामुखीला माग समजतात." दादानं शब्द पाळला, पुढे काही विचारलं नाही. रविवारी येतो म्हणाला.

परत आले तर आप्पा पाणी प्यायला गेले होते. दुपारच्या सत्रात पालक येणार होते. मी केसांचं रबर काढलं आणि त्यानं तो काटा वरच्या वर बांधून टाकला. आता धागा तुटो नाहीतर राहो. ज्वालामुखी चालू झाला आणि थांबेचना. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मोठ्या बाईसुद्धा येऊन मान डोलावून गेल्या.

मग एक गोळा टेबलाखाली गेला म्हणून मी वाकले. पदराचं टोक त्या टॉवेलावर पडलं आणि टॉवेलाबरोबर पायथ्याच्या फटीत गेलं. आधी मला वाटलं कुणीतरी मुलगी मागून ओढतेय. "कोण आहे गं?" असं मी रागावूनही घेतलं. मग खांद्याची पिन तुटली, मान खाली ओढली गेली आणि माझं तोंड डोंगराला टेकलं. खळीचा आंबट वास आला. बटण कुठं आहे ते मला आठवेना. मुली ओरडत होत्या, पण त्या तर सकाळपासूनच ओरडत होत्या.

आप्पा कधी आले ते मी पाहिलं नाही. त्यांनी टेबलाखालून आत हात घातला आणि चालता पट्टा हातानं चाकावरून ओढून काढला. सगळं थांबलं. त्यांच्या तळहाताची कातडी सोलली होती. त्यांनी पदर उलटा फिरवून हळूहळू बाहेर काढला, ग्रीस लागलेला. मग त्यांना ते रबर दिसलं. त्यांनी ते सोडवलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुजं हाय."

एवढंच. नंतर त्यांनी धागा घेतला, सोललेल्या हातानं गाठ मारली आणि काटा जागेवर टेकवला.

संध्याकाळी त्यांच्या घरी मी त्यांच्या हाताला मलम लावत होते. मी विचारलं, "धागा कशासाठी होता ते आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की."

"कधी?"

"पोरी लई वाकत्यात," ते म्हणाले. "माग उघडून दुरुस्ती करताना असाच दोरा बांधायचो मी भवतीनं. ती पोरगी यायची डबा घिऊन. येनी अशी लोंबायची. तिला सांगून काय कळत न्हवतं. म्हून दोरा. दोऱ्याला लागली की माग बंद."

मी मलमाची ट्यूब धरून बसले. कारखान्यात डबा घेऊन जाणारी पोरगी मीच. दुसरं कुणी जातच नव्हतं. पण आप्पा 'ती' म्हणत होते. समोर बसलेली बाई तीच आहे हे त्यांना माहीत होतं का? की माहीत होतं आणि ते त्यांच्या पद्धतीनं सांगत होते? मी विचारणार होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आज शनवार न्हवं?" आणि वार गुरुवार होता.

आता काय समजायचं? धागा बरोबर होता आणि वार चुकीचा होता. मी ज्या धाग्यावरून त्यांना नापास केलं तो धागा माझ्यासाठी होता. मला दादाला लगेच फोन करायला हवा होता. मी केला नाही. काय सांगणार होते? की मी केसांचं रबर बांधलं? शुक्रवार गेला, शनिवार गेला. रोज फोन हातात घेतला आणि रोज वाटलं, पण दूध तर करपलं होतंच ना, गेटसमोर तर ते उभे राहिले होतेच ना.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर मी त्यांना सांगितलं की दादा येतोय, पुण्याला जायचंय. ते नाही म्हणाले नाहीत. मग विचारलं, "किती दिस?"

"राहायलाच, आप्पा."

"तितं गेलो आनि न्हाई जमलं," ते म्हणाले, "तर बंद कसं करायचं?"

मी भांडी घासायला उठले.

रविवारी दादा आला. दोन पिशव्या डिकीत गेल्या. घराला कुलूप लागलं आणि किल्ली दादानं माझ्याकडे दिली. आप्पा पुढच्या सीटवर बसले, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, सरळ समोर बघत. दादानं इंजिन सुरू केलं. गल्ली अरुंद, त्यामुळं त्याला बोळाच्या तोंडापर्यंत गाडी मागे घ्यायची होती. मी दारात उभी. गाडी माझ्यापासून लांब जाऊ लागली आणि आप्पांचा चेहरा काचेतून माझ्याकडे होता. मला ओरडायचं होतं, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसतं, आणि काय ओरडायचं तेही कळत नव्हतं.

मी मूठ आवळली आणि हात सरळ वर केला.

आप्पांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. दादानं करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, पण ते उतरले होते. पिशवीकडे नाही, कुलपाकडे नाही, ते सरळ माझ्याकडे चालत आले, मागांच्या दोन ओळींमधून वाट काढत यावं तसे एका अंगानं.

"काय तुटलं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

दादा काच खाली करून विचारत होता, "अगं, काय झालं? काय झालं काय?" मी त्याला सांगायला लागले. रबर, काटा, पदर, डबा नेणारी पोरगी, सगळं उलटसुलट. मला रडू येत होतं, इंजिन गुरगुरत होतं आणि दादाच्या चेहऱ्यावरून त्याला एक अक्षर कळत नव्हतं हे दिसत होतं.

आप्पांनी पट्टी बांधलेला हात बॉनेटवर ठेवला.

"आदी बंद कर की ते," ते दादाला म्हणाले. "मग बघू."

दादानं किल्ली फिरवली.